चकली खाल्ली गेली

दरवर्षी कोजागिरीचं दूध आटायला ठेवलं की माझ्या फोनवर सल्ले यायला लागतात. सणासुदीत वजन कसं राखाल? जेवणाआधी ग्लासभर पाणी प्या. ताटली लहान घ्या. घास बत्तीस वेळा चावा. हे लिहिणाऱ्यांना बहुधा नातेवाईक नसावेत. असते, तर लहान ताटली मागणाऱ्या पाहुण्याकडे आपल्याकडची घरधनीण कशी बघते आणि मग आतून कोणत्या मापाची ताटली येते, हे त्यांना ठाऊक असतं.

म्हणून यंदा सल्ला मीच देणार आहे. पात्रता म्हणाल तर ठाण्यातल्या एका चार मजली सोसायटीत बावीस दिवाळ्या फराळ केलाय, आणि बावीस वेळा ‘यंदा मोजकंच खायचं’ असा संकल्प सोडलाय. ‘सोडलाय’चे दोन्ही अर्थ घ्या.

आधी मनातली टोचणी काढून टाका. फराळ हा शब्द आला कुठून? फलाहारातून. तेव्हा चकली हे मुळात फळच. वेलीला लागत नाही, सोऱ्यातून पडते, एवढंच. करंजीला तर साल आहे, आत गर आहे आणि बीसुद्धा काढावी लागत नाही. ताटलीपुढे बसताना एवढी व्युत्पत्ती मनात घोळवली की पहिला घास घशात अडकत नाही. दुसऱ्या घासाला व्युत्पत्तीची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

मराठी व्याकरणही आपल्या बाजूचं आहे, पण त्याचा फायदा कुणी घेत नाही. शाळेत कर्तरी-कर्मणी घोकून घेतलं ते कशासाठी, हे मला चाळिशीत कळलं. मी लाडू खाल्ला. मी चकली खाल्ली. मी अनारसे खाल्ले. बघा, क्रियापद लाडवाच्या मागे जातंय, चकलीच्या मागे जातंय. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. खाणारी बाई होती की बुवा, त्याला पत्ता नाही. ‘मी त्या शेवटच्या लाडवाला संपवलं’ म्हटलं तर भावे प्रयोग. मग क्रियापद लाडवाचंही ऐकत नाही, सगळं प्रकरणच बेवारस. व्यायाम मात्र कर्त्याच्या गळ्यात: मी चालले, मी धावले, मी दमले. सावध राहायचं ते एकाच शब्दापासून. ‘मी जेवले’ हे कर्तरी आहे, तिथे माणूस सापडतो. म्हणून सणात जेवू नये. नुसतं खावं. आणि डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर वर उचलली की ‘खाल्लं गेलं’ म्हणावं. कुणाकडून, ते त्यांनी शोधावं.

काहींना आकड्यांनी सुधारायची हौस असते. आमच्या ह्यांना आहे. मागच्या दिवाळीत त्यांनी बेसनाच्या लाडवांचा हिशेब मांडून फ्रीजवर लावला. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, 400 ग्रॅम पिठीसाखर, लाडू झाले 30. तुपाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, साखरेच्या 4. म्हणजे एका लाडवात 8 ग्रॅम तूप, 13 ग्रॅम साखर, सगळं धरून 190च्या आसपास कॅलरी. तो एक लाडू उतरवायला साडेतीन-चार किलोमीटर चालायचं. वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते; म्हणजे दोन लाडवांत दिवसाचा कोटा संपला आणि चहा अजून उकळतोच आहे. सासूबाईंनी चष्मा लावून हा कागद शेवटपर्यंत वाचला. पुढचा घाणा त्यांनी लहान लाडवांचा वळला, तिसांचे पंचेचाळीस झाले. घरात सगळ्यांना बरं वाटलं. ‘लहानच तर आहे’ म्हणत जो तो दोनाऐवजी तीन उचलायला लागला.

पण खाण्याचा खरा डोंगर स्वतःच्या घरात नसतोच. तो रुमालाखाली झाकून येतो.

आमच्या जिन्यात नऊ घरांशी आमची ताटांची देवाणघेवाण आहे. वसुबारसेपासून घंटा वाजायला लागते. ताटात चार चकल्या, दोन लाडू, दोन करंज्या, वाटीभर चिवडा, बाजूला शंकरपाळे आणि वर विणलेला रुमाल. सल्ले देणारे म्हणतात, घरातला गोडधोड पदार्थ वाटून टाका. जरूर टाका. फक्त ताट रिकामं परत करायचं नसतं, हे त्यांना माहीत नसतं. नऊ ताटं गेली की नऊ ताटं येतात, आणि मधल्या काळात तुमच्या पातळ पोह्यांच्या चिवड्याचा कुणाच्या तरी मक्याच्या चिवड्याशी नुसता अदलाबदलीचा व्यवहार झालेला असतो. एका वर्षी मी ठरवलं, आलेलं काहीच घरात ठेवायचं नाही, सगळं पुढे सरकवायचं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरून ताट आलं आणि रुमाल उचलल्याबरोबर मला माझा अनारसा ओळखू आला. तुपात जरा हसला होता, एका कडेची खसखस उडाली होती, म्हणून मीच तो ताटात खालच्या बाजूला लपवला होता. दोन घरं फिरून, कुणीही हात न लावता, तो माहेरी आला होता. म्हणजे अख्ख्या जिन्याचं डाएट चालू होतं. मी तो खाल्ला. स्वतःच्या अनारशाला आणखी किती घरं फिरवायचं?

फराळाचं वजन खाण्याआधी होतं ते फक्त कुरियरच्या दुकानात. न्यू जर्सीच्या दिरांसाठी खोकं काट्यावर ठेवलं आणि किलोचा भाव ऐकला, तेव्हा लाडू जड असतात हे ह्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी तिथेच सहा काढले. घरी परत आणायचे कशाला, म्हणून ते रिक्षात हलके करण्यात आले.

आता नाही म्हणण्याची कला. डाएटची पुस्तकं सांगतात, ठामपणे पण हसतमुखाने नकार द्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे हा प्रयोग मी केलाय.

‘नको वहिनी, खरंच नको.’

‘अगं, घे गं. वाळलीस किती!’ (वाळणं ही क्रिया माझ्या बाबतीत फक्त याच घरात घडते.)

‘गोड बंद केलंय.’

‘साखर नाहीये, गूळ घातलाय.’

‘डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘आमच्या ह्यांनाही आहे की शुगर, ते खातात.’

मग शेवटचं अस्त्र: ‘राहू दे, आमच्या हातचं नाही आवडायचं तुला.’ इथे भलेभले शरण जातात. आपल्याकडे पहिला नकार शिष्टाचार, दुसरा विनय आणि तिसरा होकार असतो. चौथ्यांदा नको म्हणणाऱ्याशी पुढच्या गणपतीपर्यंत बोलणं बंद होतं. तेव्हा तिसऱ्याला थांबा. गुळाचं म्हणाल तर तोही उसाचाच, शरीरात गेल्यावर रंग कोण विचारतोय. पण हे वहिनींना सांगू नका.

तांत्रिक उपाय हवा असेल तर एअर फ्रायर घ्या. आम्ही दसऱ्याच्या सेलमध्ये घेतला. चकलीच्या भाजणीत कडकडीत मोहन पडलं नाही की ती खुसखुशीत होत नाही, हे मी सांगून पाहिलं. पण यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेपुढे बायकोचं काय चालतंय! ह्यांनी मोहन न घालता अकरा चकल्या केल्या. त्यातली एक सासूबाईंनी दाढेखाली धरली आणि मान हलवून परत ठेवली. ह्यांनी चार निष्ठेने चावल्या, मग ‘एवढं तेल वाचवलंय’ म्हणून त्या वाचलेल्या तेलाच्या खात्यावर माझ्या तळलेल्या सात खाल्ल्या. तो फ्रायर आता पापड भाजतो.

नंतर ह्यांच्या ऑफिसात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीची लाट आली: दिवसातून दोनदाच खायचं, आणि एका वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत उरकायचं. पद्धत सोपी आहे आणि आमच्या ओळखीत तिने वजन उतरवलेली माणसं आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. ह्यांनी ती भाऊबीजेला सुरू केली. बहिणी पाच, सख्ख्या दोन आणि चुलत तीन. ठाणे, कळवा, डोंबिवली. प्रत्येकीकडे अकरा मिनिटं. अकरा पंचे पंचावन्न. औक्षणाचं तबक खाली ठेवलं की ह्यांचं घड्याळ सुरू, हात धुतले की बंद. लोकलमधला वेळ धरायचा नाही. रात्री साडेनऊला घरी आले तेव्हा खिशात रुमाल होता आणि रुमालात दोन करंज्या. मिनिटं संपली होती, म्हणून त्या उद्याच्या पहिल्या जेवणासाठी राखल्या होत्या.

वास्तविक, दिवाळीतला आरोग्यदायी पदार्थ आपल्या पूर्वजांनी पहिल्याच पहाटे उरकून टाकलाय. माझं सासर राजापूरकडचं. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि त्याचा कडूजहर थेंब जिभेला लावायचा. साखर शून्य, तेल शून्य. फराळाच्या वर्षभराच्या कडवटपणाची वजावट एका थेंबात करून मग माणसं पाटावर बसतात, ती तुळशीच्या लग्नालाच उठतात.

आणि तरीही वजनकाट्याने काही उलटसुलट बोलून दाखवलंच, तर कार्तिकी एकादशी आहे. पाडव्यानंतर दहाव्या दिवशी येते. मुद्दाम नेमून ठेवल्यासारखी. हल्ली त्याला शरीरशुद्धी म्हणतात, आम्ही ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतो. उपवासाला गहू, तांदूळ, डाळ चालत नाही, ते या मातीत हजारो वर्षं पिकतंय म्हणून त्याच्यावर भरवसा नसावा. चालतो तो साबुदाणा, जो ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. चालतो बटाटा, तोही तिकडचाच. शेंगदाणे तिकडचे, हिरवी मिरची तिकडची. पोर्तुगिजांची जहाजं आली नसती तर विठ्ठलाचे भक्त एकादशीला खरोखर उपाशी राहिले असते, आणि ते किती कठीण गेलं असतं, कल्पना करा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर दाण्याचं कूट, तूप, बाजूला बटाट्याचा कीस आणि गोड दही. एका ताटलीत पोळी-भाजीचं अख्खं जेवण मागे टाकेल असा हा उपवास पोटात जाऊन बसला की दुपारी जी झोप लागते, तिला साधना म्हणावं. जुन्या लोकांनी म्हणूनच दोनच मार्ग सांगितले: खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. दोन्ही एकाच ताटलीत साधण्याची युक्ती त्यांना तेवढी सुचली नव्हती.

गंमत बाजूला ठेवून एक उपाय सांगते, कारण तो एवढा एकच मी चालताना पाहिलाय. ज्याला दिवाळीत वजन वाढू द्यायचं नाही त्याने तळायला उभं राहावं. तीन तास. दुपारी दोन ते पाच, पंखा बंद, कारण आच हलते. एका हातात सोऱ्या, दुसऱ्यात झारा. पहिला घाणा विरघळतो, मग भाजणीत थोडं तांदळाचं पीठ. दुसरा तेल पितो, मग आच मोठी. चौथ्या घाण्याला तेलाचा वास केसात, पदरात, घशात जाऊन बसतो आणि समोर सोन्यासारख्या चकल्यांची रास असून एक तोंडात टाकावीशी वाटत नाही. रात्री मला नुसता आमटी-भात लागतो. घरातले सगळे डाएटवर असतात आणि दिवाळीच्या आठवड्यात वजन फक्त माझं वाढत नाही. या शोधाबद्दल मला अजून कुणी व्याख्यानाला बोलावलेलं नाही.

मागच्या वर्षी हा उपाय मी ह्यांना सुचवला. ‘तुम्हीच तळा, बघा खाववतंय का.’ ते हिरिरीने उभे राहिले, दोन घाणे काढले, मग फोन आला. फोन गॅलरीत घ्यावा लागतो. सव्वा तास.

शेवटी डबे माळ्यावर गेले. नजरेआड असलं की हात जात नाही, असं कागदावर लिहिलं होतं. स्टीलचे चार डबे, वरून जुनी चादर, खाली शिडी नाही, फक्त देवघरापुढचं स्टूल. नियम एकच केला: मोडलेल्या चकल्या कुणाच्या ताटात घालून पाठवता येत नाहीत, तेव्हा तेवढ्या घरच्यांनी खायच्या. अख्ख्यांना हात लावायचा नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी दिवा न लावता विचारलं, ‘कोण आहे?’

‘डब्याचं झाकण नीट बसलंय का बघतोय,’ हे वरून म्हणाले. ‘एक मोडकी होती, तेवढीच घेतोय.’

मोडल्याचा आवाज त्यानंतर आला.