एवढीही अतिशयोक्ती नाही

या कादंबरीचं परीक्षण वाचलं. तिच्यातली कंपनी सरकारशी केलेला करारच गुप्त ठेवते, हे परीक्षणकर्त्यांना अतिशयोक्ती वाटतं, पटलेलं नाही. आम्हा गुहागरकरांना विचारा! आमच्या तालुक्यात अंजनवेलला वीज प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा १९९३चा वीज खरेदी करार कितीतरी काळ लोकांपुढे आलाच नव्हता. प्रकल्पाला विरोध करणाऱ्या, शेजारच्याच वेलदूर गावच्या मच्छीमार बायकांना जून १९९७ मध्ये भल्या पहाटे पोलिसांनी मारहाण करत उचलून नेलं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या १९९९च्या अहवालात ते सविस्तर आहे, जरूर वाचा. मला खटकलं ते वेगळंच. लेखकाची कंपनी सर्वज्ञ, कधीच न चुकणारी. खरीखुरी एन्रॉन कुठे एवढी हुशार होती? अंजनवेलचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत तिचं दिवाळं वाजलं. बाकी, सगळं एकहाती उघड करणारा कादंबरीतला तो पत्रकार मात्र अगदीच फिल्मी.