वेल्डिंगचा धूर आणि गुळाचा खडा

कोल्हापूरच्या आयटीआयमध्ये माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र आज शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड चालवतो. उसाच्या ट्रॉल्या, गोठ्यांचे सांगाडे आणि अधूनमधून एखाद्या साखर कारखान्याच्या दुरुस्तीचे काम, असा त्याचा धंदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी कामगारांच्या सुरक्षिततेची आणि आरोग्याची नवी संहिता देशभर लागू झाली, तेव्हापासून फोनवर त्याचे एकच पालुपद असते. सरकार लघुउद्योगांच्या मुळावर उठले आहे. वेल्डर पिढ्यान्‌पिढ्या धुरात काम करत आले, संध्याकाळी गुळाचा खडा तोंडात टाकतात, कपभर दूध पितात आणि ठणठणीत राहतात. मास्क आणून दिले तरी तेच ते काढून खुंटीला अडकवतात. मी काही बोलू लागलो की शेवट ठरलेला असतो: 'सिडनीत बसून शिकवायला तुझं काय जातंय?'

माझे काय जाते ते पुढे सांगेनच. आधी गुळाचे पाहू, कारण कोल्हापूरच्या माणसाने गुळाला नावे ठेवावीत हे मलाही जड जाते. लखनौच्या संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे, त्यात गुळामुळे कोळशाची आणि सिलिकाची धूळ फुप्फुसांतून बाहेर पडायला मदत होते असे दिसले होते. पण ती धूळ होती आणि ते उंदीर होते. वेल्डिंगचा धूर ही निराळी वस्तू आहे: आर्कच्या उष्णतेने धातूची वाफ होते, ती हवेत थंड होऊन तिचे कण बनतात आणि त्यांतले बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असल्यामुळे थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. नाकातोंडाला बांधलेल्या रुमालातून ते आरपार जातात. डोळ्यांपुढची काळी काच उजेड अडवते, धूर अडवत नाही.

दुधाची गोष्ट तर याहून गमतीची आहे, कारण त्या बाबतीत सिडनीच्या वेदरिल पार्क या औद्योगिक उपनगरातले जुने गोरे बॉइलरमेकर, म्हणजे फॅब्रिकेशनचे वेल्डर, आणि शिरोलीतले मिस्त्री यांचे पूर्ण एकमत आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप न घासता वेल्ड केला की पांढराशुभ्र धूर उठतो, कापसासारखी पांढरी भुकटी खांद्यावर बसते, तोंडाला गोडसर धातूची चव येते आणि काही तासांनी, बहुधा घरी पोहोचल्यावर, हुडहुडी भरून ताप येतो. सतत त्या धुरात राहणाऱ्याला शरीराची सवय होते, ती सुट्टीत मोडते आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी ताप पुन्हा गाठतो. दुधाने तो उतरतो असे सगळे सांगतात. दूध न पिताही तो एक-दोन दिवसांत उतरतोच, आणि त्यामुळे दुधाची कीर्ती अबाधित राहते.

माझ्या मित्राचा सारा युक्तिवाद या तापाएवढा आहे: आला, गेला, माणूस पुन्हा कामावर. जे दुखणे वीस वर्षांनी येते ते त्याच्या हिशेबात बसतच नाही, कारण तोवर तो वेल्डर त्याच्याकडे राहिलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये वेल्डिंगच्या धुराला 'कदाचित कर्करोगकारक' म्हटले होते आणि २०१७ मध्ये त्याला पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा मिळाला. त्याच संस्थेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १ कोटी १० लाख वेल्डर आहेत आणि वेल्डर म्हणून नोंद नसलेले आणखी सुमारे ११ कोटी लोक या धुराच्या संपर्कात येतात. त्या ११ कोटींत मित्राच्या शेडमधला, ट्रॉलीचा पत्रा धरून उभा राहणारा हेल्परही आला. मँगेनीजबद्दल तर १८३७ सालीच ग्लासगोच्या कूपर नावाच्या डॉक्टराने लिहून ठेवले आहे. मँगेनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांची चाल बिघडली, पाय लुळे पडले, आवाज क्षीण झाला. साध्या लोखंडाच्या वेल्डिंग रॉडमध्येही मँगेनीज असते. ब्रिटनमध्ये वेल्डरांना न्यूमोनियाची लस देण्याची शिफारस आहे, कारण हा धूर ओढणाऱ्यांना तो आजार अधिक होतो आणि अधिक जड जातो.

इथे मी नेहमीचा हुकमी पत्ता टाकतो. भारताच्या १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात वेल्डिंगच्या धुराची मर्यादा हवेच्या घनमीटरला ५ मिलिग्रॅम होती. आमच्याकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियात, ती १ आहे. मित्राला हा आकडा ऐकवताना मी जे सांगत नाही ते असे की, आमच्याकडेही १८ जानेवारी २०२४ पर्यंत ती ५ च होती आणि माझी इथली बहुतेक वर्षे त्या पाचाखाली गेली. आणि 'आमच्याकडे' हा शब्द मी कोणत्या देशासाठी वापरतो, ते समोर कोण आहे यावर ठरते.

मी इथे ४५७ व्हिसावर, म्हणजे कंपनीने बोलावलेल्या कुशल कामगाराच्या तात्पुरत्या व्हिसावर, आलो. वेदरिल पार्कच्या एका वर्कशॉपमध्ये स्टेनलेसच्या टाक्यांचे आतले जोड मारायचे काम माझ्याकडे होते, आणि स्टेनलेसच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे घातक रूप, असते हे मला पाठ होते. धूर ओढणाऱ्या यंत्राची नळी फाटलेली होती आणि नवी यायला आठवडे लागत होते. मी एक शब्द बोललो नाही. कंपनी माझी स्पॉन्सर होती आणि पर्मनंट रेसिडेन्सीचे कागद तिच्याच हातात होते. एका सकाळी स्मोकोनंतर, म्हणजे चहाच्या सुट्टीनंतर, आमच्या एचएसआरने (आरोग्य-सुरक्षेसाठीच्या कामगार प्रतिनिधीने), टोंगाच्या एका धिप्पाड गृहस्थाने, टाकीत डोके घातले आणि नळी येईपर्यंत टाकीतले काम बंद असे शांतपणे जाहीर केले. मॅनेजर चरफडला, पण नळी चौथ्या दिवशी आली. मला हायसे वाटले आणि भीतीही वाटली, कारण काम थांबले ते माझ्यामुळे, असे कुणाला वाटू नये. 'कामगारच मास्क घालत नाहीत' हे वाक्य मित्राच्या तोंडून ऐकले की मला तो माझ्याच गप्प बसण्याचा प्रकार वाटतो. ज्याला रोजगार हवा असतो तो काही मागत नाही, मग तो शिरोलीत असो की सिडनीत. इथे फरक एवढाच की, माझ्या वतीने काम थांबवण्याचा अधिकार कायद्याने दुसऱ्या कुणाला तरी दिलेला होता.

मास्कचेही उन्हाळ्यात शिरोलीच्या पत्र्याखाली काय होते हे मला ठाऊक आहे. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी, त्यासाठी फिट टेस्ट द्यावी लागते आणि दाढी काढावी लागते. (माझ्या मिशा कडेच्या आत मावल्या, म्हणून वाचल्या.) पण मास्क हा सर्वांत शेवटचा उपाय आहे आणि तिकडच्या सगळ्या चर्चा तिथूनच सुरू होतात. धूर जिथे उठतो तिथेच ओढला पाहिजे. मित्राने मोठ्या हौसेने छतावर एक्झॉस्ट पंखा बसवला. तो धूर वर जातो खरा, पण वाटेत ट्रॉलीच्या तळावर ओणवे झालेल्या वेल्डरचे तोंड असते. ओढणारे तोंड जोडाच्या बाजूला, वीतभर अंतरावर हवे, कारण नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढे दूर गेले तरी ओढ जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येते. हे मी त्याला कागदावर काढून पाठवले आहे.

त्याचे खरे दुखणे पैशाचे आहे आणि ते खोटे नाही. इथे ते यंत्र, फिल्टर, फिट टेस्ट हे सारे तासाच्या दरात धरलेले असते आणि गिऱ्हाईक ते मुकाट्याने देते. तिकडे ऊस वाहणारा शेतकरी हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीचा भाव पाडून मागतो आणि शेजारची शेड त्या भावात करूनही देते. पण मग ज्या संहितेच्या नावाने तो बोटे मोडतो ती त्याला मुळात लागूच होत नाही! त्याच्याकडे नऊ माणसे आहेत. जुन्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना १० कामगारांपासून धरला जाई, नव्या संहितेने तो आकडा २० केला. बाकीच्या आस्थापनांना संहिता दहा माणसांपासून लागते, आणि सरकारने खास अधिसूचना काढल्याशिवाय दहाच्या आतल्या शेडकडे कुणी फिरकणार नाही. सिडनीत एकटा माणूस युटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, वेल्डिंग मशीन टाकून फिरत असला तरी कायदा त्याला लागतो, म्हणूनच धुराचा खर्च टाळून कुणाला स्वस्त होता येत नाही. माझे म्हणणे एवढेच होते की त्याच्या उद्योजक संघटनेने सरकारला द्यायच्या निवेदनात सवलत मागण्याऐवजी दहाच्या आतल्या शेडनाही हा नियम सरसकट लावा, असे मागावे. भाव सगळ्यांचाच वाढला तर त्याचे गिऱ्हाईक शेजारी जाणार नाही.

त्यावर त्याचे उत्तर आले: 'आधी इथला मतदार हो, मग निवेदनात दुरुस्त्या सुचव.' परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर ती सोय नाही, हे त्यालाही चांगले माहीत आहे.