रॉकवाल्यांचे केस आणि आपला हट्ट

वादाला तोंड फुटले ते एका जुन्या बँडच्या अलीकडच्या मैफलीच्या चित्रफितीवरून. गायक सत्तरी ओलांडलेला, आवाज अजून दमदार, आणि डोक्यावर केसांचा असा दाट काळाभोर संभार, की पस्तिशीतल्या माणसाला हेवा वाटावा. आमच्या मित्रमंडळातल्या वकिलाने चित्रफीत मध्येच थांबवली आणि ‘ही सरळसरळ फसवणूक आहे’ असा निकाल देऊन टाकला. त्याचे म्हणणे असे, की रॉक हे बंडाचे संगीत आहे. ज्याने तारुण्यात ‘मी आहे हा असा आहे’ असे ठणकावून सांगितले, त्यानेच उतारवयात खोट्या केसांचा टोप घालून मिरवणे म्हणजे स्वतःच्या गाण्यांशी द्रोह करणे होय.

डॉक्टरला हे मुळीच पटले नाही. तो त्वचारोगतज्ज्ञ असल्यामुळे टक्कल पडण्याच्या धास्तीने खचलेली माणसे त्याने जवळून पाहिली आहेत. “अरे, केस जाणं हा चारित्र्याचा प्रश्न नाही,” तो म्हणाला. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. ज्यांच्या केसांची मुळे आनुवंशिकतेने त्याला संवेदनशील असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवत जातो. पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांमध्ये हे कमीअधिक प्रमाणात दिसते, मग तो गिटार वाजवणारा असो की हिशेब लिहिणारा. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. डोक्याला लावण्यासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती 1988 मध्ये, आणि फिनास्टराइडला 1997 मध्ये. दोन्हींचा गुण औषध चालू असेपर्यंतच टिकतो, आणि फिनास्टराइडमुळे काही पुरुषांना लैंगिक तक्रारी उद्भवतात, हेही त्याने बजावून सांगितले.

“आता विचार कर,” तो वकिलाला म्हणाला, “सत्तरच्या दशकात ज्याचे केस जाऊ लागले, त्याच्यापुढे मार्ग होते तरी कोणते?” त्या काळच्या केशरोपणात मानेच्या वरच्या भागातून सुमारे चार मिलिमीटर व्यासाच्या त्वचेच्या चकत्या काढून त्या पुढच्या बाजूला बसवत. एकेका चकतीत केसांचा झुबका असे, त्यामुळे कपाळाच्या कडेला बाहुलीच्या डोक्यासारखे सुटे सुटे पुंजके दिसत. पुढे मधले मूळचे केसही जात राहिले, की हे पुंजके बेटांसारखे उघडे पडत आणि आधीच्या टकलापेक्षा वाईट दिसत. ब्रिटिश गायक-पियानोवादक एल्टन जॉनने त्या दशकाच्या उत्तरार्धात अशी रोपणे करून घेतली, ती नीट टिकली नाहीत, मधली कित्येक वर्षे त्याने टोप्यांवर काढली आणि अखेरीस टोप स्वीकारला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे सारे स्वतःच लिहिले आहे. ज्याच्या बोटांत इतके संगीत होते, त्याला डोक्याच्या कातडीसाठी एवढे सोसावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मास्तर तरुणपणी एका बँडमध्ये गिटार वाजवत असे, म्हणून त्याने मंचावरची बाजू सांगितली. मंचावर प्रकाश वरून आणि मागून येतो. विरळ केसांमधून टाळू चमकते, तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत घामाने केसांच्या बटा होतात, आणि आरशात झाकले गेलेले सगळे उघडे पडते. टोप असला तर चिकटपट्टी घामाने सैल होते, आणि मग गाणाऱ्याचे अर्धे लक्ष सुरात आणि अर्धे कपाळाच्या रेषेकडे राहते. डोके झोकात हलवणे हाच ज्या संगीताचा अभिनय, तिथे ही भीती काय असेल, याची कल्पना करावी असे तो म्हणाला.

वकील अर्थातच गप्प बसणारा नव्हता. त्याने फिल कॉलिन्सचे उदाहरण दिले: मागे सरकलेली केसांची रेषा कधी न लपवता हा माणूस ऐंशीच्या दशकात जगातला एक सर्वांत यशस्वी गायक झाला. जूडस प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड 1951 चा. तुळतुळीत डोके, पांढरी भरघोस दाढी, अंगात चामड्याचा कोट, आणि हेवी मेटलचे, म्हणजे रॉकच्या त्या गडगडाटी प्रकाराचे, चाहते त्याला आजही देवाच्या जागी मानतात. “त्यांना जमतं, तर बाकीच्यांना का जमू नये?”

मला वाटते, खरी गोम इथेच आहे. हॅलफर्डला जमले, कारण केस जाण्याच्या आधीच चामडे आणि खिळे ही त्याची ओळख झाली होती. 1981 मध्ये एमटीव्ही ही गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी सुरू झाल्यावर ज्या बँडना फुगवलेल्या केसांसकटच बाजारात उभे केले गेले, आणि ज्यांच्या संगीतप्रकाराला लोकांनी ‘हेअर मेटल’ असे नावही केसांवरूनच दिले, त्यांनी काय करावे? मी मेटॅलिका या हेवी मेटल बँडची आठवण करून दिली. 1996 मध्ये त्यांचा नवा अल्बम आला तेव्हा चौघांचेही केस आखूड कापलेले होते. कोणालाही टक्कल पडलेले नव्हते, तरीही असंख्य चाहत्यांनी तो विश्वासघात मानला. म्हणजे फसवणुकीचा आरोप टोप घालणाऱ्यावर होतो, तसाच केस कापणाऱ्यावरही होतो. आपल्याला तो माणूस नको असतो. आपण विशीत असताना भिंतीवर लावलेले त्याचे चित्र हवे असते, आणि त्या हट्टाची किंमत तो मोजतो.

यावर आमच्यातली गाणारी मैत्रीण म्हणाली, की तुम्ही अजून एकाही बाईचे नाव घेतलेले नाही. अमेरिकी गायिका टीना टर्नरचे केस उमेदीच्या काळात ब्लीच बिघडल्यामुळे गळले आणि तिने टोप घालायला सुरुवात केली. पुढे तेच तिचे रूप झाले आणि हे तिने स्वतःच मोकळेपणाने सांगितले. 1984 मध्ये चव्वेचाळीस वर्षांची टीना नव्याने शिखरावर पोचली, तेव्हा तिचा तो सिंहाच्या आयाळीसारखा टोप तिच्या आवाजाइतकाच ओळखीचा होता. उलट आयरिश गायिका शिनेड ओ’कॉनरने केस वाढवावेत आणि अधिक बायकी दिसावे असे रेकॉर्ड कंपनीतल्यांनी सुचवले, तेव्हा तिने डोकेच भादरून टाकले. “पुरुषाने डोकं गुळगुळीत केलं तर तो रुबाबदार,” मैत्रीण म्हणाली, “तेच तिने केलं, तर आयुष्यभर प्रत्येक मुलाखतीत आधी डोक्याचा विषय.” कोणाकडेही याला उत्तर नव्हते.

मास्तरने ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधला गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट याचा उल्लेख केला. त्याच्या डोक्यावरचा फडका हे वर्षानुवर्षे त्याचे चिन्ह आहे, पण त्यामागे तरुणपणी झालेला मोटारीचा अपघात आहे. डोक्याला जखमा झाल्या आणि केस नीट उगवले नाहीत. आपण खुशाल नखरा म्हणून मोकळे होतो.

शेवटी वकिलाने नवाच मुद्दा काढला. किस या अमेरिकी रॉक बँडने 2 डिसेंबर 2023 रोजी न्यूयॉर्कमध्ये निरोपाची मैफल केली आणि तिथेच आपल्या संगणकीय प्रतिमा दाखवून यापुढे त्या मंचावर येतील असे जाहीर केले. वकिलाच्या मते हे टोपापेक्षा प्रामाणिक, कारण इथे खोटे हे खोटे म्हणूनच विकले जाते. मला ते मान्य नाही. टोप घातलेला म्हातारा निदान स्वतः येतो, त्याला धाप लागते, जुने गाणे तो एखादी पट्टी खाली उतरवून गातो. टोपासकट मला तो हवा आहे. मग निदान त्याने एकदा खरे काय ते सांगून टाकावे, असे वकील म्हणाला, आणि एवढ्या एका बाबतीत डॉक्टर आणि मास्तर दोघेही त्याच्या बाजूला गेले. मी गेलो नाही. तिकिटाच्या पैशांत आपण त्याचे गाणे विकत घेतो, त्याच्या डोक्याची झडती नव्हे.