आत्याचा दुष्काळ

मागच्या उन्हाळ्यात माझे थोरले चुलते गेले. दहाव्याला जमलेल्या माणसांत कुणीतरी सहज विचारलं, "आपल्या ओढ्यावरचा तलाव झाला तेव्हा मुकादम कोण होता?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले. ज्यांना माहीत होतं त्यांचाच तो दहावा होता.

त्यांचं चाळीस मिनिटांचं बोलणं मी एकदा फोनवर घेतलं होतं. तो फोन बिघडला, दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती. त्यांचा आवाजही गेला आणि मुकादमाचं नावही. ही गोष्ट मला अजून टोचते, म्हणूनच आज एवढं लांबलचक लिहितेय.

त्यानंतर मी आत्यापाशी बसायला लागले. आत्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, सासर-माहेर दोन्ही तिकडंच. आधारकार्डावर जन्मतारीख १ जून, म्हणजे तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तीच. सुरुवातीला मी चुका केल्या. "आत्या, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" असं म्हटलं, की ती म्हणायची, "काय सांगायचंय बाई, कष्ट केलं आन् दिवस काढलं." संपलं. "किती सालची गोष्ट?" म्हटलं, की गप्प. मग एकदा विचारलं, "लग्न भूकंपाच्या आधी झालं का नंतर?" भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. आत्या ताठ बसली. भांडी फळीवरनं कशी पडली, म्हातारी सासू थंडीत उघड्यावर कशी काकडत बसली, आपण नवी नवरी म्हणून डोक्यावरचा पदर सोडायची कशी लाज वाटली, सगळं एका दमात आलं. तिचं कॅलेंडर वेगळं आहे. त्यात भूकंप आहे, दुष्काळ आहे, थोरल्याचा जन्म आहे, विहिरीवर इंजिन बसलं तो दिवस आहे. आपण आपलं कॅलेंडर तिच्यापुढं धरतो आणि वर म्हणतो, जुन्या माणसांना आठवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल तिला मी "भाकरी कशाची होती?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "मिलूची." अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी, मिलो. "लालभडक. थापताना चिरायची. पोरं बघूनच रडायची. पर व्हती म्हणून जगलो." आणि खडीच्या कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ. आत्याला सुकडीची चव अजून आवडती म्हणून आठवते, पदरात बांधून घरी न्यायची म्हणे. धाकटे चुलते ऐकत होते, ते म्हणाले, "छ्या, कुबट वास यायचा तिला." दोघांची चांगलीच जुंपली. मी दोन्ही ठेवलं. चूल सांभाळणाऱ्या बाईची सुकडी आणि दहा वर्षांच्या पोराची सुकडी एक कशी असेल?

मग तिनं खडी फोडून दाखवली. हातात काही नव्हतं, नुसत्या हातानं. डाव्या हाताच्या बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, दगड पायांच्या मधे धरायचा, हातोडी मनगटातनं सोडायची, खांद्यातनं नाही, नाहीतर दुपारपर्यंत हात गळून जातो. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. लहानपणापासून मी ते नख बघत आले, त्याच हातानं तिनं मला भरवलंय. ते कशानं झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशभरासाठी तसा कायदा आला. हे सगळं पुस्तकात मिळतं. पण त्या ५० लाखांतली एक माझी आत्या होती, सहा महिन्यांचं पोर झोळीत टाकून उन्हात खडी फोडत होती, हे कुठं मिळणार? मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, तिचा अंगठा असेल, तेही मस्टर शिल्लक असलं तर. गावाच्या स्मरणिकेत सरपंच असतात, देणगीदार असतात, जीर्णोद्धार असतो. तलाव बांधणाऱ्या बाया नसतात.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. तेवढं काम आपल्याच्यानं होणार नाही. पण आपल्या घरातल्या एका माणसाचं तरी होईल की नाही?

आणि एक सांगते, कारण ते सोपं नाही. खाणीवर पाण्याचे डेरे दोन होते. कुणासाठी कुठला, ते सांगताना आत्याचा आवाज बारीक झाला. मग म्हणाली, "ह्ये बंद कर." मी बंद केलं. पुढं तासभर ती बोलली, ते माझ्याजवळ रेकॉर्ड नाही आणि मी इथं लिहिणारही नाही. पण गावाची आठवण म्हणजे नुसती जत्रा आणि पुरणपोळी, असं धरून कुणी बसत असेल तर बसू नये. आणि त्या दुसऱ्या डेऱ्यावरचं पाणी पिणाऱ्या घरांतली म्हातारी माणसंही अजून आहेत. त्यांची नातवंडं हे वाचत असतील तर माझी हात जोडून विनंती आहे, तुम्ही बसा त्यांच्याजवळ. ते आमच्या घरातून सांगता येणार नाही.

कामाचं थोडकं सांगते. पंखा बंद करा, फोन उशीवर त्यांच्याजवळ ठेवा. आधी विचारा, चालू करू का. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव आणि आजची तारीख स्वतःच्या आवाजात बोला. त्याच रात्री दुसरीकडे कॉपी करा, शक्य तर तिसरीकडेही. आणि मधे बोलू नका. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मी स्वतःला ऐकलं, आत्या श्वास घ्यायला थांबली की मी पुढचा प्रश्न टाकलेला. त्या थांबण्यानंतर काय येणार होतं, कुणास ठाऊक.

मागच्या रविवारी तिचा फोन आला. "ती खडी आमी टाकलेला रस्ता हाय नव्हं, म्हसवडाकडचा. एका वळणावर लिंबाचं झाड व्हतं, त्याला झोळी बांधायचे. दावीन तुला." दिवाळीत आम्ही दोघी जाणार आहोत. झाड राहिलंय का तोडलंय, ते तिलाही माहीत नाही. पण वळण ओळखीन म्हणते.