वर्ष उलटलं म्हणून किडनी 'आपली' होत नाही

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांना सध्या एक मेसेज हमखास येतोय: 'रक्ताच्या नात्यातली किडनी रिजेक्ट होत नाही. एक वर्ष नीट गेलं की शरीर ती आपली मानतं, मग गोळ्या कमी करत बंद करा, त्या प्रतिकारशक्ती मारतात. लघवी साफ होत असेल तर तपासण्यांची गरज नाही.' माझ्या भावाला आमच्या आईची किडनी बसवली आहे. त्यालाही हा मेसेज आला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी रक्ताचं नातं. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, त्यांवरून शरीर आपलं-परकं ठरवतं. मुलाला या एचएलएचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणजे आईच्या किडनीतही बरंच काही त्याच्या शरीराला परकंच असतं. सख्ख्या भावंडांत संपूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि अजिबात न जुळण्याचीही तेवढीच. पूर्ण जुळलं तरी गोळ्या लागतात. १९५४ साली बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट औषधांशिवाय टिकलं, कारण ते दोघे एकसारखे जुळे भाऊ होते. उलट नातंच कधी आड येतं: गरोदरपणात बाईच्या शरीरात बाळाच्या वडिलांकडून आलेल्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. मग पुढे नवऱ्याची किंवा पोटच्या मुलाची किडनी घेताना जोखीम वाढते. पूर्वी चढवलेलं रक्त किंवा आधीचं ट्रान्सप्लांट यांनीही असंच होतं.

'वर्षभराने शरीर आपली मानतं' हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. हा समज कुठून आला ते कळतं. पहिल्या काही महिन्यांत तीव्र रिजेक्शनचा धोका सर्वाधिक, म्हणून तेव्हा डोस जास्त असतो आणि नंतर डॉक्टर तो उतरवतात. पण उतरवणं म्हणजे थांबवणं नव्हे. डोस चुकत राहिले की टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या मुख्य औषधाची, रक्तातली पातळी खाली-वर होते आणि शरीर दात्याच्या एचएलएविरुद्ध नव्या अँटिबॉडी बनवायला लागतं. या अँटिबॉडी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या गुपचूप खराब करत राहतात, कधी वर्षानुवर्षं. पाच-सात वर्षांनी गेलेल्या किडनीमागेही बरेचदा हेच असतं.

गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते हे खरंच आहे, त्याच कामासाठी त्या असतात. संसर्गाचा धोका वाढतो, टॅक्रोलिमस जास्त झालं तर किडनीलाही इजा करतं. बीके व्हायरस (प्रतिकारशक्ती दबली की डोकं वर काढून बसवलेल्या किडनीला इजा करणारा विषाणू) निघाला तर डॉक्टर स्वतःच डोस कमी करतात, पण रक्ताच्या तपासण्यांवर नजर ठेवून. त्यांना न विचारता दुसरं औषध सुरू करणंही तितकंच धोक्याचं. टीबीचं रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी पाडतं, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल ती चढवतं. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून विकलं जाणारं काहीही अशा माणसाने घेऊ नये.

आणि लघवी. भावाच्या गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून जायचं, रक्त दिलं की लगेच घ्यायची, कारण पातळी गोळीच्या आधीची मोजायची असते. तिसऱ्या वर्षी कामाच्या पाळ्या बदलल्या आणि रात्रीची गोळी अधूनमधून राहू लागली. ताप नाही, सूज नाही, लघवी भरपूर. नेहमीच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढणारा टाकाऊ पदार्थ) १.२ चं १.७ निघालं आणि बायोप्सीत रिजेक्शन. स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, डोस नव्याने बसवले. क्रिएटिनिन १.४ वर येऊन थांबलं, त्याखाली ते पुन्हा कधी आलं नाही.