धनुष्कोडीचे रूळ ‘तसेच पडून’ नाहीत

एक मजकूर गेले काही महिने फिरतोय. मला तो नातेवाइकांकडून आला, सोसायटीच्या गटात आला, भजनी मंडळाच्या गटातही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रामेश्वर बेटाच्या टोकाशी असलेल्या, वादळात उद्ध्वस्त झालेल्या धनुष्कोडी गावाचा रेल्वेमार्ग १९६४पासून तसाच पडून आहे. थोडी डागडुजी केली की रामेश्वरची गाडी थेट धनुष्कोडीला जाईल आणि पुढे पूर्वीसारखं बोटीने श्रीलंकेला जाता येईल. रेल्वे अभियंते श्रीधरन यांनी रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा पूल ४६ दिवसांत उभा केला, मग हा मार्ग साठ वर्षं का रखडला? तर तमिळनाडू सरकार राजकारणापायी जमीन देत नाही म्हणून.

हे वाचून माणसं भारावतात, ते मला समजतं. काशी-रामेश्वर हा आपल्या घराघरातला शब्द आहे. माझ्या आजीने सेतूची वाळू पितळेच्या डबीत जपून आणली होती, प्रयागला गंगेत सोडायला. ती आणि तिच्या सोबतिणी धनुष्कोडीला रेल्वेनेच पोचल्या होत्या. म्हणूनच या मजकुरातली एकेक गोष्ट नीट तपासावीशी वाटली.

आधी ते ‘तसेच पडून’. मी धनुष्कोडीला जाऊन आलोय. स्टेशनच्या पडक्या भिंती आहेत, रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचे अवशेष आहेत, छप्पर उडालेलं, प्रवाळी दगडाचं चर्च आहे. गाडी चालेल असा रूळ कुठेही नाही, सगळीकडे वाळू. शिवाय जुना मार्ग रामेश्वरहून जातच नव्हता. मुख्य लाइन पांबनहून सरळ धनुष्कोडीला जायची आणि रामेश्वर हा तिचा फाटा होता. ती मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती. पांबनचा पूल २००७ साली ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा झाला. म्हणूनच २०१९ साली पंतप्रधानांनी ज्याचा पायाभरणी समारंभ केला, तो मार्ग रामेश्वर ते धनुष्कोडी असा नवाच होता: सुमारे १७ किलोमीटर, अंदाजे खर्च २०८ कोटी. त्याला डागडुजी म्हणणं म्हणजे पडलेल्या वाड्याच्या जागी बांधलेल्या इमारतीला रंगकाम म्हणण्यासारखं आहे.

आता ४६ दिवस. ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री वादळ आलं. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अगदी जवळ पोचली असताना लाटेखाली गेली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्याच वादळात पांबन पुलाचे शंभरहून जास्त गर्डर, म्हणजे रूळ तोलणाऱ्या तुळया, समुद्रात पडले. पुलाचा मधला उघडणारा भाग मात्र टिकला होता. मच्छीमारांनी गर्डर कुठे पडलेत ते शोधून दिलं, ते वर काढून पुन्हा बसवले गेले आणि रेल्वेने सहा महिने धरलेलं काम तरुण श्रीधरन यांच्या हाताखाली ४६ दिवसांत उरकलं. म्हणजे रेल्वेकडे जिद्द होती, माणसं होती, हातात ताजं यशही होतं. तरीही रामेश्वरपर्यंतचा मार्ग सुरू करून पुढचा धनुष्कोडीचा सोडून दिला गेला. तेव्हाच्या मद्रास सरकारने ते गाव राहण्यास अयोग्य ठरवलं होतं. श्रीधरन यांचं उदाहरण द्यायचं तर हेही सांगायला हवं. तिथे आळस नव्हता, तो विचार करून घेतलेला निर्णय होता. आणि तो घेणाऱ्यांनी ६५३ क्रमांकाच्या गाडीचं काय झालं ते पाहिलं होतं.

राज्य सरकारने जमीन द्यायला विरोध केला, हे खरं आहे. राजकारण अजिबात नसेल असं मी म्हणणार नाही. पण नुसतं राजकारण म्हणून हात झटकता येत नाहीत. नकाशा काढून बघा: उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. मन्नारचं आखात १९८९पासून संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे. धनुष्कोडीच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, आणि २०२५ साली राज्याने तिथे त्यांचं अभयारण्य जाहीर केलं. अशा पट्टीवर रेल्वेचा भराव घालायचा, तोही समुद्राने एकदा पूर्ण गाव नेलेल्या ठिकाणी. याला आक्षेप घेणारा प्रत्येक जण विकासविरोधी कसा?

श्रीलंकेचं तर उलटंच आहे. धनुष्कोडी गेल्यावरही रामेश्वरहून श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या तलाईमन्नारला बोट जात होती. ती १९८०च्या दशकात यादवी युद्धामुळे बंद पडली. पलीकडचा तलाईमन्नारचा रेल्वेमार्ग खरोखर बंद पडलेला होता, तो आपल्याच इरकॉन या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीने नव्याने बांधला आणि २०१५ साली गाडी तलाईमन्नारला पोचली. बंद मार्ग जिवंत करण्याचं उदाहरण हवं असेल तर ते हे आहे. बोट सुरू करायला धनुष्कोडीचं स्टेशन लागत नाही: २०२३ साली तमिळनाडूतल्या नागपट्टणमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरैला फेरी सुरू झालीच.

राहिला पर्यटकांचा प्रश्न. धनुष्कोडीच्या पुढे, अरिचलमुनैच्या टोकापर्यंत २०१७पासून पक्का रस्ता आहे, रामेश्वरहून बस जाते. अडचण असते ती रामेश्वरला पोचण्याची. डिसेंबर २०२२मध्ये जुन्या पांबन पुलावरची वाहतूक थांबली ती एप्रिल २०२५मध्ये नवा पूल सुरू होईपर्यंत. सव्वादोन वर्षं गाड्या पुलाच्या अलीकडेच, मंडपम किंवा रामनाथपुरमला संपत होत्या, आणि आपली म्हातारी माणसं तिथे सामान उतरवून बस-रिक्षा शोधत होती. त्या काळात असा मजकूर एकाही गटात आला नाही. आता नवा पूल आहे, तर मागणी महाराष्ट्रातून रामेश्वरला जास्त थेट गाड्या मिळाव्यात ही हवी. रामेश्वरहून पुढे बस वाढवा.

आणि धनुष्कोडीत अजून राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांना पाणी द्या. मी गेलो तेव्हा एक बाई वाळूत हातभर खड्डा करून, नारळाच्या करवंटीने झिरपलेलं गोडं पाणी कळशीत भरत होती. कळशी भरायला तिला किती वेळ लागतो ते मी उभा राहून पाहिलं. माझी बस निघाली तेव्हा ती अर्धीच भरली होती.