गरिबाच्या नावाने स्वस्त इंधन

तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. खनिज इंधनांवरचं अनुदान टप्प्याटप्प्याने काढावं आणि कार्बन कर, म्हणजे इंधनातून जेवढा कार्बन डायऑक्साइड सुटेल त्या प्रमाणात कर, लावावा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हवामान आधीपासून बदलतच आलंय, कोळसा-तेलामुळेच जग दारिद्र्यातून वर आलं, आणि कार्बन कर हा तिजोरी भरण्याचा नवा बहाणा असून त्यात भरडला जाणार तो गरीबच.

हवामानाचं लवकर आटोपतो. पूर्वी बदललं ते नैसर्गिक कारणांनी, म्हणून आत्ताही तसंच, असं होत नाही. कारण तपासता येतं. कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार जिवंत झाडांत थोडाफार असतोच, पण कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या कोळशातून तो केव्हाच संपलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये या जुन्या कार्बनची भेसळ होतेय, हे रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या लाकडातून दाखवून दिलं. शिवाय सूर्य जास्त तापल्यामुळे हे होत असतं तर स्थितांबर हा वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय.

इंधनांनी जग वर आणलं, हे मात्र शंभर टक्के मान्य. आजही त्यांच्यावाचून अडतं. सिमेंटचंच घ्या. चुनखडी भट्टीत तापवली की चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी दगडातला तो वायू सुटायचा राहत नाही. खतांसाठी लागणारा अमोनिया आज बहुतांशी नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच येतो. त्यामुळे 'सगळं बंद करा' म्हणणाऱ्यांत मला धरू नका. पण एखादी गोष्ट उपयोगी आहे एवढ्यावरून तिला सरकारी पैशाने स्वस्त का ठेवायचं? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगभरातली सरकारं मिळून अशा थेट अनुदानावर सुमारे १.३ लाख कोटी डॉलर घालवत होती. त्या वर्षी युक्रेन युद्धामुळे भाव भडकले होते हे खरं, पण या इंधनांवरच्या परावलंबनाची किंमत म्हणतात ती हीच. आणि हे अनुदान जातं कुणाकडे? लिटरमागे सवलत म्हटली की जो जास्त जाळतो त्याला जास्त. दोन गाड्यावाल्याला दोन्ही टाक्यांवर, आणि गाडीच नसलेल्याला बसभाड्यातून झिरपेल तेवढं. गरिबाच्या नावाने चाललेली ही सोय आहे, दुसरं काही नाही.

आता कराकडे. तुमचा खरा आक्षेप हाच, आणि तो बिनबुडाचा नाही. फ्रान्समध्ये २०१८ साली श्रीमंतांवरचा संपत्ती कर जवळजवळ मोडीत निघाला आणि इंधनावरचा कर मात्र चढत राहिला. गावाकडे गाडीशिवाय पर्याय नसलेली माणसं पिवळी जॅकेटं घालून चौकाचौकांत बसली. सरकारला पुढची वाढ सोडून द्यावी लागली. मी तिथे असतो तर बहुधा त्यांच्याच बाजूने बोललो असतो.

यावर 'कराचे पैसे लोकांना परत द्या' हे ठरलेलं उत्तर. मीही तेच देतो, पण तेवढ्याने भागत नाही. कॅनडाने बहुतेक रक्कम कुटुंबांना परत दिली, तरी सामान्य ग्राहकावरचा हा आकार एप्रिल २०२५ मध्ये उठवावाच लागला. भाव दर वेळी पंपावर दिसायचा, परतावा तीन महिन्यांतून एकदा गुपचूप खात्यात यायचा. इराणने २०१० मध्ये उलटा क्रम लावला होता. आधी घरोघरच्या खात्यांत पैसे जमा; दिसत होते, काढता येत नव्हते. डिसेंबरमध्ये इंधनाचे भाव चढले त्याच सुमारास ते मोकळे झाले. हवामानाची काळजी म्हणून केलेलं नव्हतं ते, आणि पुढे महागाईने त्या रकमेत जीव ठेवला नाही हेही सांगायला हवं. तरीही भाववाढ रस्ते न पेटता पार पडली. पैसा आधी हातात, भाव नंतर, एवढी शहाणपणाची गोष्ट फ्रान्सच्या अर्थखात्याला सुचली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, 'मग चालू वीजकेंद्रांना टाळं ठोकायचं का?' नाही. प्रश्न नव्या केंद्रांचा आहे, कारण आज उभं राहिलेलं कोळशाचं केंद्र, घातलेला पैसा सोडवायचा म्हणून, पुढची कित्येक वर्षं चालवलं जातं. चालू केंद्रं कमी कशी होतात ते ब्रिटनमध्ये बघा. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. २०१३ पासून वीजनिर्मितीतल्या कार्बनला किमान दर लावला, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं केंद्र बंद झालं. कोळशाची बरीचशी जागा आधी नैसर्गिक वायूने घेतली, पवनचक्क्यांनी नंतर. वायूचा तो पाश अजून त्यांच्या गळ्यात आहेच, आणि २०२२ ची वीजबिलं त्यांना त्यापायीच जड गेली.